टक्केवारी नंतर घटवा, आधी वाटेतले पाणी मोजा

मा. जलसंपदा मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

15 ऑक्टोबरला पैठणच्या जायकवाडी धरणात 65 टक्क्यांहून कमी साठा असेल तर नगर-नाशिकच्या वरच्या धरणांतून पाणी सोडायचे, अशी अट आहे. त्या 65 टक्क्यांना कात्री लावायची शिफारस आपल्या दरबारी आली आहे. धरणाचा जिवंत (वापरता येणारा) साठा 2171 दलघमी (दशलक्ष घनमीटर). त्यातला एक टक्का म्हणजे पाऊण टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. आपण कागदावर आकडा खोडाल, पण ते पाणी डाव्या कालव्याच्या 208 किलोमीटरच्या शेपटाच्या वाट्यातून जाईल. तिथे एरवीही आवर्तन पोहोचता पोहोचत नाही.

2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातले कलम 12(6)(ग) सांगते की खोऱ्यातल्या सगळ्या धरणांची टक्केवारी ऑक्टोबरअखेर साधारण सारखी करा. 2016 मध्ये उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटप उचलून धरले. आणि 2023 मध्ये काय झाले? पाणी सोडायचा आदेशच निघाला 30 ऑक्टोबरला. वरच्या धरणसमूहांतून मुळा 2.10, प्रवरा 3.36, गंगापूर 0.5, दारणा 2.643, असे 8.603 टीएमसी. दरवाजे उघडले नोव्हेंबर सरत आल्यावर! तोवर पात्र कोरडे पडते. कोरडी वाळू आधी स्वतः पिते, मग वाळू उपशाचे खड्डे भरतात, आणि उरलेले पुढे सरकते. हेच पाणी ऑक्टोबरच्या मध्याला, पात्र ओले असताना, मोठ्या विसर्गाने सलग सोडले तर तूट कमी येते. थोडे थोडे, थांबत थांबत सोडलेले पाणी वाटेतच मुरते. हे आपल्या खात्यातला कोणताही शाखा अभियंता सांगेल.

दुसरे, नदीपात्रातले कोल्हापुरी बंधारे, म्हणजे गाळ्यांत फळ्या टाकून पाणी अडवणारे. विसर्गाआधी फळ्या काढल्याचा अहवाल येतो. प्रत्यक्षात काही गाळ्यांत तळच्या दोन-तीन फळ्या तशाच राहतात, कारण गाळ बसून त्या खाचेत घट्ट रुतलेल्या असतात. प्रत्येक बंधाऱ्यामागे तेवढ्या उंचीचे पाणी अडते आणि काठावरच्या मोटारी ते ओढतात. वीज बंद ठेवायचे आदेश निघतात, पण रोहित्रे चालूच असतात.

म्हणून मागणी अशी: 15 ऑक्टोबरला साठ्याचा हिशोब होताच आठवड्यात विसर्ग सुरू व्हावा. प्रत्येक बंधाऱ्याचा प्रत्येक गाळा तळापर्यंत मोकळा झाल्याचा दोन्हीकडच्या अभियंत्यांच्या सहीचा पंचनामा व्हावा. वरच्या धरणांच्या दारात आणि नाथसागराच्या (जायकवाडीच्या जलाशयाच्या) तोंडाशी विसर्ग मोजून तासातासाचे आकडे जाहीर व्हावेत.

वरची धरणे आणि पैठण एकाच महामंडळाच्या अखत्यारीत, मंत्रालय एक, कायदा एक. तरीही पाणी सोडायची वेळ आली की दर वेळी कोर्ट, मोर्चे आणि पोलीस बंदोबस्त. साहेब, हा पाण्याचा तुटवडा नाही. ज्याच्या मतदारसंघात दरवाजे त्याचीच चावी, असा हा कारभार आहे, आणि तो एका पक्षाचा नाही. सरकारे बदलली, चावी हलली नाही. वरच्या शेतकऱ्याशी आमचे भांडण नाही. त्यालाही आपण पाणी सुटेपर्यंत अंधारातच ठेवता.

टक्केवारीच्या फाईलवर सही करण्याआधी आजवरच्या प्रत्येक विसर्गात वर किती सुटले आणि पैठणला किती पोहोचले, ते आकडे विधिमंडळाच्या पटलावर ठेवा.

आपला,
जायकवाडी लाभक्षेत्रातील एक शेतकरी