ग्रंथालयाच्या बातमीत फोटोच का?

महोदय,

विद्यापीठ ग्रंथालयांच्या बातम्या हल्ली ठरावीक साच्याच्या असतात. प्रदर्शनाचे उद्घाटन, पाहुण्यांचे भाषण, सर्वांचा एकत्र फोटो. संग्रहात नवे काय आले आणि मुख्य म्हणजे काय गेले, याचा मात्र पत्ता नसतो.

छापील नियतकालिकाची वर्गणी थांबली तरी जुने बांधीव खंड कपाटात राहतात. ई-जर्नलचे तसे नाही. तिथे बहुधा मालकी नव्हे, परवाना मिळतो. करारात जुन्या अंकांची कायमची सोय नसेल, तर नूतनीकरण हुकताच मागची वर्षेही बंद! संशोधकाला हे कळते ते ऐन प्रबंधाच्या धावपळीत, पडद्यावर पैसे भरण्याची सूचना आल्यावर. अशा बंद होणाऱ्या ई-जर्नलची यादी आधीच जाहीर व्हावी. त्यातला हवा तो लेख आंतरग्रंथालयीन देवघेवीतून, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयाकडून, कसा मागवायचा, हेही सोबत सांगावे. या सेवेची अनेक विद्यार्थ्यांना गंधवार्ताही नसते.

जुन्या कागदाचेही तेच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद सर्रास आला. पान उलटताना त्याचा कोपरा तुटून हातात येतो. त्याहून दोनशे वर्षे जुना, चिंध्यांपासून केलेला कागद पुष्कळदा जास्त धडधाकट असतो. म्हणून डिजिटायझेशनचा क्रम नुसते वय पाहून लावू नये. कुठले खंड स्कॅन झालेत हे कळले, तर मूळ प्रतींची हाताळणीही कमी होईल.

आणि कार्यशाळांची बातमी त्या उरकल्यावर नको, आधी द्या.

– एक वाचक