बंद उभ्या पिकअपची तपासणी न करताच जॉब कार्डवर खुणा केल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक,
नागपूर शाखा

विषय : दोन पावसाळे बंद उभ्या असलेल्या डिझेल पिकअपचं अपुरं काम परत करून मिळणे व न केलेल्या कामाचे पैसे परत मिळणेबाबत.

महोदय,

‘संपूर्ण तपासणी’ म्हणून आपण बिल केलेल्या कामापैकी बरंचसं काम झालेलंच नाही. जॉब कार्डवर, म्हणजे केलेल्या कामांच्या आपल्या यादीवर, प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण आहे, पण गाडीचे भाग वेगळंच सांगतात. गाडी दुसऱ्या गॅरेजमध्ये उघडून घेतली. काय आढळलं ते लिहितो.

सर्वात गंभीर बाब ब्रेकची. कार्डवर ‘ब्रेक ऑइल बदलले, हवा काढली’ असं लिहिलं आहे. मागच्या दोन्ही चाकांच्या, ब्रेकमधली हवा काढायच्या निप्पलवर जुना गंज आणि वाळलेली माती जशीच्या तशी होती. निप्पलला पाना लागला असता तर ती माती पडली असती. म्हणजे फार तर वरच्या डबीतलं ऑइल बदललं गेलं, नळ्यांमधलं जुनंच राहिलं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि म्हणूनच गाडी चालो वा न चालो, दोन वर्षांनी ते बदलावंच लागतं. डॉट ३ दर्जाचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शोषल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, मागे संत्र्याच्या क्रेट भरलेल्या, काटोलहून कळमन्याच्या बाजारापर्यंत वारंवार ब्रेक. अशा वेळी ऑइल उकळून नळीत वाफ झाली की पेडल थेट खाली जातं.

मागच्या चाकांचे ब्रेक ड्रम तर उघडलेलेच नाहीत. डाव्या चाकाचा व्हील सिलेंडर (ऑइलच्या दाबाने ब्रेक शू ड्रमवर दाबणारा भाग) पाझरत होता आणि ब्रेक शू ऑइलने भिजला होता. उभ्या गाडीत हे नेहमी होतं : सिलेंडरच्या आत ओलीने गंजाचे खड्डे पडतात आणि पेडल दाबायला लागल्यावर त्यांवरून घासून रबरी कप फाटतो. रबरी बूट बोटाने मागे सरकवला की आतली ओल दिसते, इतकी सोपी ही तपासणी आहे. भिजलेला शू धुऊन चालत नाही, दोन्ही बाजूंचा सेट बदलावा लागतो.

दुसरी बाब इंजिनची, आणि इथे पुरावा आपल्याच कार्डवर आहे. पहिल्या ओळीत ‘जंप देऊन गाडी चालू करून आणली’ (म्हणजे दुसऱ्या बॅटरीवर) असं लिहिलंय, इंजिन ऑइल आणि डिझेल फिल्टर त्यानंतर. बंद गाडीसाठी हा क्रम पूर्ण उलटा आहे. इतका काळ उभ्या इंजिनात बेअरिंगवरचं ऑइल तळाच्या चेंबरमध्ये उतरलेलं असतं. टाकीच्या तळाशी पाणी साचतं, कारण अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवा थंड होऊन थेंब बनतात. इंजिनला डिझेल दाबाने पुरवणाऱ्या मेकॅनिकल पंपातल्या प्लंजरला (दट्ट्याला) वंगण डिझेलचंच मिळतं. त्यात पाणी गेलं की पंप आणि डिझेल फवारणारे नोझल दोन्ही खराब होतात, आणि हा खर्च बाकी सगळ्या कामापेक्षा मोठा असतो.

हवं होतं ते असं. आधी गाडी टो करून आणायची. एअर फिल्टरची पेटी उघडून उंदरांचं घरटं आणि कुरतडलेलं वायरिंग पाहायचं. टाकी तळापासून रिकामी करून धुवायची, फिल्टर नवा टाकायचा, हँडपंप मारून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढायची. ऑइल बदलायचं. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचं, अडकतंय का ते कळतं. मग इंजिन बंद करायची केबल ओढून धरून, म्हणजे डिझेल न देता, १०-१५ सेकंदांच्या टप्प्यांत सेल्फ मारायचा. मध्ये सेल्फला विश्रांती द्यायची. ऑइलचा दिवा विझल्यावरच डिझेल सोडायचं. यात फार तर अर्धा दिवस जास्त जातो.

डिझेल फिल्टर बदलल्याचं बिल आहे, पण त्यावर मार्करने लिहिलेली आधीच्या बदलाची तारीख तशीच आहे. टाकी सफाईचंही बिल आहे, पण टाकीच्या तळाच्या ड्रेन प्लगवरचा गंजही फुटलेला नाही.

टायरपुढे ‘ठीक’ लिहिलंय, बहुधा नक्षीची खोली पाहून. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. पुढच्या दोन्ही टायरांवर ‘२३१४’ आहे, म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. बाजूच्या रबराला बारीक चिरा आहेत. असे टायर भरल्या गाडीला लावू नयेत. बॅटरीचंही तसंच. चार्ज करून लगेच १२.७ व्होल्ट दाखवले तर त्यावरून काही ठरत नाही. लोड टेस्ट, म्हणजे भार देऊन चाचणी, घ्यायला हवी होती, ती कार्डवर नाही.

आपला छापील तक्ता रोज चालणाऱ्या गाडीसाठी आहे. उभ्या गाडीसाठी वेगळा तक्ता ठेवावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. माझ्यासारखे अनेक शेतकरी बहार आल्यावरच पिकअप बाहेर काढतात.

माझी मागणी : डिझेल फिल्टर, टाकी सफाई आणि ब्रेक ऑइल या तीन बाबींचे पैसे परत करावेत. मागच्या दोन्ही चाकांचे सिलेंडर, शू आणि पूर्ण ब्रेक ऑइल आपल्या खर्चाने, माझ्यासमोर बदलावं. पंप आणि नोझल टेस्ट बेंचवर तपासून अहवाल लेखी द्यावा. प्रत्येक जुना भाग मला परत मिळावा.

गाडी मी स्वतः चालवतो आणि उपजीविकेसाठीच वापरतो, त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी ग्राहक आहे आणि ही सेवेतील त्रुटी आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास नागपूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज करीन. निप्पल, ड्रेन प्लग आणि फिल्टर यांचे फोटो काम सुरू होण्याआधीच काढून ठेवले आहेत. भिजलेला शू आणि फिल्टरही जपून ठेवला आहे, आपल्या माणसाने येऊन पाहावं.

आपला,
गाडीमालक,
काटोल रोड, नागपूर

सोबत : जॉब कार्ड व बिलाची प्रत, फोटो, दुसऱ्या गॅरेजचा लेखी शेरा.