काकांच्या रिकाम्या काकपदाबद्दल

तीर्थस्वरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेले असते तर 'पुरे गं, चहा ठेव' म्हणून तुम्ही विषयच बदलला असतात. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. इथे तुम्हाला मला थांबवता येणार नाही.

आमचं ऑफिस द्राक्षं युरोपात धाडतं. नाशिकच्या बागेतून न्हावाशेवा, तिथून रीफर म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरनं रॉटरडॅम. तिकडचा पत्रव्यवहार माझ्याकडे. मी झेडपीच्या शाळेतली, इंग्रजी पाचवीपासून. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं तोवर आमची गाडी सुटलेली. माझ्या मेलमधला एखादा 'द' ('the' हे आर्टिकल) गळला की साहेब ते वाक्य सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायचे. तिथे 'द' का हवा, हे विचारलं तर त्यांनाही सांगता यायचं नाही. 'कानाला कसंतरीच वाटतं,' एवढंच. शाळेत तर नुसतं पाठांतर होतं. नद्या, समुद्र, पर्वतरांगा, वर्तमानपत्रं, यांच्या आधी 'द'. केलं पाठ. द गोदावरी, द अरेबियन सी. पण माझ्या मेलमध्ये गोदावरी येते कुठे? येतात पेट्या, पॅलेट, लॅबचे रिपोर्ट. पुढे इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासवाल्यानं आगाऊ फी घेऊन सांगितलं, 'आर्टिकलचं टेन्शन घेऊ नका, फ्लुएन्सी महत्त्वाची.' त्या फीमध्ये माझी एक बरी साडी आली असती.

आणि मग तुम्ही. उभा जन्म प्रेसमध्ये इंग्रजी प्रुफं तपासण्यात गेलेला. मी मेलची प्रिंट घेऊन वरच्या मजल्यावर तुमच्याकडे आले, तेव्हा लाल पेन निघणार अशी खात्री होती. तुम्ही कानावरची पेन्सिल काढलीत आणि 'कंटेनर इज डिलेड' या ओळीच्या सुरुवातीला बारीकसं काकपद (^) काढलंत. काकपद काढलं की त्याच्यावर राहिलेला शब्द लिहायचा असतो. तुम्ही लिहिला नाहीत. वरची जागा रिकामी ठेवून कागद माझ्याकडे सरकवलात, अडकित्ता घेतलात आणि सुपारी कातरायला बसलात. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. घाई नाही, खाकरणं नाही, 'सोपं आहे गं' नाही. मग सुपारीकडेच बघत म्हणालात, 'कंटेनर कुठला, ते त्या रॉटरडॅमच्या माणसाला आधीपासून ठाऊक आहे का?'

काका, इतक्या वर्षांत मला कोणी हा प्रश्न विचारला नव्हता. ठाऊक असेल तर 'द', म्हणजे ज्याची तो वाट बघतोय तोच. नसेल तर 'ए', म्हणजे कुठलातरी एक. आणि मग त्याच्या जिवाला घोर, की बाबा, माझा तर नव्हे? मी पेन्सिल घेऊन त्या रिकाम्या जागी 'द' लिहिला. तुम्ही नुसते 'हं' म्हणालात. त्या 'हं'साठी हे पत्र आहे.

बाकीचं नंतर आलं, गप्पांत. 'आई कामाला बाई शोधतेय' आणि 'आई बाईला शोधतेय' ही दोन वाक्यं तुम्ही शेजारी ठेवलीत. पहिल्यात बाई अजून मिळायचीय; दुसऱ्यात ठरलेली बाई आज उगवलेली नाही. फरक केला तो एका 'ला'नं. 'म्हणजे भेद तुला जन्मापासून कळतो,' म्हणालात, 'इंग्रजीनं त्याला वेगळे शब्द नेमले, इतकंच.' 'ॲन' उच्चार ऐकून लावायचा, अक्षर बघून नाही, म्हणून ॲन एफआयआर पण ए युनिव्हर्सिटी, हे तर दोन मिनिटांत झालं. पण जुनं रूप 'ॲन'च, 'वन'च्याच घरातलं, आणि व्यंजनापुढे त्यातला 'न' झिजून 'ए' उरला, हे ऐकून मी चाटच पडले. त्यावर तुमचा अंपायर! तो मुळात 'न'नं सुरू होणारा शब्द होता म्हणे, नूम्पेर की काय; त्याचा 'न' शेजारच्या 'ए'ला जाऊन चिकटला आणि मैदानात उरला अंपायर.

साहेबांनी पुन्हा एकदा माझं वाक्य वाचून दाखवलं, त्या संध्याकाळी तुम्ही मला चंद्रावर नेलंत. १९६९ साली आर्मस्ट्राँगनं पाय ठेवला, तेव्हाच्या 'माणसाचं एक छोटं पाऊल, मानवजातीची मोठी झेप' या वाक्यातला 'ए मॅन'मधला 'ए' पृथ्वीवर कोणाला ऐकूच आला नाही. आपण तो म्हणालोच होतो, असं त्यांचं म्हणणं. आणि तो नसला तर 'मॅन' म्हणजे अख्खी माणूसजात, मग पुढच्या 'मॅनकाइंड'ला अर्थ काय राहिला! 'जगानं त्यांना हसून दाखवलं का?' असं विचारून तुम्ही पुन्हा अडकित्त्याकडे वळलात.

चूक दिसली की आवाज चढवणारी माणसं पैशाला पासरी मिळतात, आणि बहुतेकांना खुर्चीही मिळते. दुसऱ्याची अब्रू झाकून त्याचं काम करून देणारी विरळा. बँकेत म्हातारीला स्लिप भरून देताना आवाज खाली आणणारा शिपाई त्यांतलाच. अशांचा सत्कार कोणी करत नाही. ते सत्काराला येणारही नाहीत म्हणा.

हंगाम सुरू झालाय. थॉमसन द्राक्षांची एक पेटी काकूंच्या हाती दिलीय, डायबेटिस विसरून संपवू नका. आणि एक शंका आहे. मूल 'गोज टू स्कूल', पण पालकसभेला आई 'गोज टू द स्कूल', हे पटलं. आजारी माणूस 'इन हॉस्पिटल', हेही त्याच चालीवर. मग अमेरिकन लोक आजाऱ्यालाही 'इन द हॉस्पिटल' का म्हणतात? शनिवारी वर येते. उत्तर लगेच सांगू नका.

तुमची,
खालच्या मजल्यावरची