कॅनिस्टर फिल्टर नळाखाली धुऊ नका, मासे मरतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत घरातल्या फिश टँकवर अख्खं पान होतं. फोटो छान होते, पण त्यातलं एक वाक्य वाचल्यापासून मला चैन नाही. कॅनिस्टर म्हणजे टाकीबाहेरच्या बंद डब्याच्या फिल्टरमधला सगळा मीडिया, म्हणजे आतले स्पंज आणि रिंगा, दर पंधरा दिवसांनी नळाखाली खळखळून धुवा आणि तीन महिन्यांनी सगळा नवीन टाका, असं त्यात लिहिलंय. हे कुणी करू नका एवढं आधी छापा, माझं बाकीचं पत्र नाही छापलं तरी चालेल.

आम्ही मुरूडला राहतो, दापोली तालुक्यातलं. घरी पर्यटकांची सोय आहे आणि ओटीवर चार फुटी टाकी आहे, दोनशे लिटरच्या आसपास पाणी. आलेल्या पाहुण्यांची पोरं समुद्रावरून आली की पाय धुवायच्या आधी टाकीजवळ जाऊन उभी राहतात. 2018 साली आम्ही पहिल्यांदा कॅनिस्टर घेतला तेव्हा दुकानात मला हेच सांगितलं होतं आणि मी ते अगदी मन लावून केलं. सिरॅमिक रिंगा तपकिरी झाल्या होत्या, त्या नळाखाली घासून पांढऱ्याशुभ्र केल्या, स्पंज पिळून पिळून काढला, डबा साबणाने नाही पण ब्रशने घासला आणि परत लावला. पाणी असं नितळ झालं की टाकीतून पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता यायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या नऊ गोल्डफिश वर येऊन तोंडं उघडमिट करत होते, कल्ले लालभडक. दोन संध्याकाळपर्यंत गेले, एक दुसऱ्या दिवशी पहाटे. माझा मुलगा तेव्हा चौथीत होता, तो मला विचारत होता आई पाणी तर किती स्वच्छ आहे मग असं का, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर पुढे वाचून, विचारून आणि टेस्ट किटने पाणी तपासून कळलं. मासा कल्ल्यातून अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच होतो, आणि तो पाण्यात दिसत नाही. रिंगांवर जो तपकिरी बुळबुळीत थर येतो तो सगळा घाण नसतो, त्यात जिवाणू असतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी त्या नायट्राइटचं नायट्रेट करते. पहिली दोन्ही माशाला विषारी, नायट्रेट बरंच कमी त्रासाचं, ते आपण आठवड्याला पाव टाकी पाणी बदलून काढून टाकतो. हे जिवाणू नवीन टाकीत पुरेसे व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. आणि मी ते नळाच्या क्लोरीनच्या पाण्याखाली दहा मिनिटांत धुऊन टाकले. घरात दही लावताना आपण विरजणाला चमचाभर ठेवतोच ना, पातेलं घासून पुसून कोरडं केलं आणि नुसतं दूध ओतून ठेवलं तर दही कुठून लागणार.

आता मीडिया लावायचा कसा ते सांगते, कारण याचीच लोकांना खरी अडचण होते. बहुतेक कॅनिस्टरमध्ये टाकीतलं पाणी आधी डब्याच्या तळाशी जातं आणि मग टिफिनच्या डब्यांसारख्या एकावर एक ठेवलेल्या ट्रेमधून वर चढत वरच्या पंपाने परत टाकीत जातं. म्हणून सगळ्यात खालच्या ट्रेमध्ये मोठ्या छिद्रांचा जाड स्पंज, त्याच्यावर बारीक छिद्रांचा स्पंज, त्याच्यावर सिरॅमिक रिंगा किंवा असाच सच्छिद्र मीडिया, आणि जागा उरली तर सगळ्यात वर फिल्टरच्या पांढऱ्या कापसाची पातळ घडी. काही फिल्टरमध्ये पाणी वरून खाली जातं, तिथे हेच उलट्या क्रमाने. पाणी कुठून शिरतंय ते बघा आणि जिथे शिरतं तिथे जाड स्पंज ठेवा, एवढं धरलं की चुकत नाही. मी बघितलंय लोक कापूस सगळ्यात खाली लावतात, मग चार दिवसांत तो काल्यासारखा होतो, पाण्याची धार बारीक होते आणि लोक म्हणतात मोटर खराब झाली. रिंगा खाली ठेवल्या तर त्यांच्यात गाळ बसतो, छिद्रं बुजतात आणि जिवाणूंना जागाच उरत नाही.

कार्बन, म्हणजे रंग-औषध शोषून घेणारा कोळसा, मी कायमचा ठेवत नाही. औषध टाकून झाल्यावर ते पाण्यातून काढायला किंवा टाकीत ठेवलेल्या लाकडाचा पिवळा रंग काढायला तो उत्तम, पण काही आठवड्यांत तो भरतो आणि मग नुसती जागा अडवतो, त्या जागी मूठभर जास्त रिंगा बऱ्या. आणि औषध चालू असताना कार्बन राहिला तर औषधच ओढून घेतो.

धुवायचं म्हणाल तर बादलीत टाकीतलंच पाणी काढून घ्यायचं, जे पाणी बदलताना आपण फेकणारच असतो ते, आणि त्यात स्पंज दोन-तीनदा दाबून सोडायचा. रिंगा त्याच पाण्यात नुसत्या हलवून घ्यायच्या, घासायच्या नाहीत. कापूस तेवढा फेकून नवीन घाला. नवीन रिंगा घालायच्याच झाल्या तर एका वेळी पाव भागापेक्षा जास्त नको, जुन्या तशाच राहू द्या. धुवायची वेळ तारखेवर ठरवू नका, धार कमी झाली की धुवा, आमच्याकडे ते साधारण दीड-दोन महिन्यांनी येतं. चांगल्या चाललेल्या फिल्टरला पावसानंतरच्या ओल्या मातीसारखा वास येतो, डबा उघडल्यावर नाकाला लगेच कळतं.

आता आपल्या कोकणातल्या दोन गोष्टी, ज्या मुंबई-पुण्याच्या माणसाने लिहिलेल्या माहितीत कधी येत नाहीत. पहिली लाइट. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट गेली की पाच-सहा तास हे काहीच नाही. कॅनिस्टर हा बंद डबा, आत पाणी फिरायचं थांबलं की एक-दोन तासांत आतला ऑक्सिजन संपत येतो, जिवाणू मरायला लागतात, आणि जास्त वेळ गेला की आतलं सडून कुजक्या अंड्यासारखा वास येतो. लाइट आल्यावर मोटर आपोआप चालू होते आणि ते सगळं पाणी टाकीत! म्हणून लाइट गेली की आधी फिल्टरचं बटण बंद करा. दोन-तीन तासांवर गेलं तर डबा उघडून आतलं पाणी ओतून द्या, मीडिया टाकीच्या पाण्यात हलवून घ्या आणि मगच चालू करा. निसर्ग वादळात 3 जून 2020 ला आमच्या इथल्या नारळी-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, लाइट कितीतरी दिवस नव्हती. तेव्हा मी रिंगा आणि स्पंज जाळीच्या पिशवीत भरून टाकीतच लोंबत ठेवले, माशांचं खाणं जवळपास बंद केलं आणि दर तासा-दोन तासाला घरातला जो जागा असेल तो तांब्याने पाणी उंचावरून परत टाकीत ओतायचा, रात्रीसुद्धा. विहिरीचं थोडं थोडं पाणी बदलत राहिलो. छपराची कौलं उडालेली, ताडपत्रीखाली आम्ही सगळे आणि मध्ये ती टाकी. सहाही मासे वाचले, आजही आहेत.

दुसरी गोष्ट विहिरीचं पाणी. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बऱ्याच ठिकाणी मऊ असतं, क्षार कमी आणि आम्लाकडे झुकणारं. हे जिवाणू काम करताना पाण्यातली क्षारता, म्हणजे पाणी आम्ल होऊ न देणारी ताकद, वापरतात, एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात जवळजवळ सात ग्रॅम, म्हणजे मऊ पाण्यात ती भराभर संपते, पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, सातच्या खाली आम्ल) सहाच्या आसपास घसरतो आणि जिवाणूंचं काम मंदावतं. सगळं नीट लावूनही अमोनिया दिसायला लागला तर हे तपासा. यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरात आहे, तिसऱ्यांची शिपटं, म्हणजे आपण खातो त्या शिंपल्यांची कवचं. कालवण झालं की ती स्वच्छ घासून, उकळून, उन्हात वाळवून, फोडून मूठभर जाळीच्या पिशवीत घालून रिंगांच्या ट्रेमध्ये ठेवायची. हळूहळू विरघळतात आणि पीएच टिकतो. सुरुवातीला थोडीच घाला, कारण पीएच एकदम चढला तर पाण्यात असलेला अमोनिया आणखी विषारी होतो. आणि किनाऱ्यावरून प्रवाळाचे तुकडे कृपा करून आणू नका, त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. पावसाळ्यात पंचायत विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकते तेव्हा विहिरीचं पाणीही नळासारखंच समजायचं, एक दिवस उघडं ठेवून हवा सोडून किंवा क्लोरीन काढायचे थेंब घालूनच वापरायचं.

संपादक साहेब, रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, 1981 पासून आहे, कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आहे, तिथलं मत्स्यालय बघायला शाळेच्या सहली जातात. तिथल्या जाणत्या लोकांकडून पुरवणीत हा विषय लिहून घ्या, आमच्या हवेचं, आमच्या पाण्याचं आणि आमच्या लाइटचं धरून. आणि फिल्टर विकणाऱ्यांनी डब्यासोबत मराठीत एक कागद तरी द्यावा, आत येतो त्यावर इंग्रजी आणि चिनी असतं, आमच्या गावातली माणसं तो बघून बाजूला ठेवतात आणि दुकानदार सांगेल तसं करतात.

तुमचं ते पान वाचून आमच्या शेजारच्या काकूंनी सोमवारी त्यांचा अख्खा फिल्टर नळाखाली धुतला. मला कळलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. माझ्या फिल्टरमधल्या वाटीभर तपकिरी रिंगा टाकीच्याच पाण्यात बुडवून पातेल्यातून त्यांच्याकडे नेल्या, त्यांच्या ट्रेमध्ये घातल्या, तिसरा हिस्सा पाणी बदललं आणि खाणं बंद करायला सांगितलं. काल अमोनिया अर्धा पीपीएम (लिटरला अर्धा मिलिग्रॅम) होता, आज सकाळी पाव. मासे अजून खालीच पोहतायत. उद्या परत किट घेऊन जाणार आहे.

आपली,
एक वाचक, मुरूड (ता. दापोली)