आदरणीय काका, माझी पहिली चार वर्षं शोधून दिल्याबद्दल

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

जपानला इंग्रजी शिकवायला जाण्यासाठी लागणारं माझं पात्रता प्रमाणपत्र आलं. जपानच्या इमिग्रेशन खात्याने ते मंजूर केलं आणि मला शाळांत पाठवणाऱ्या तिकडच्या कंपनीने ते ईमेलने पाठवलं. आता मुंबईच्या जपानी वकिलातीचा व्हिसा तेवढा राहिला. मार्चअखेर निघायचं आहे, कारण तिथलं शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. फोनवर तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही "बरं झालं, जप स्वतःला" एवढं म्हणालात आणि फोन काकूंच्या हातात दिलात. कोणी आभार मानायला लागलं की तुम्ही तिथून उठता, हे तुम्ही हेडक्लार्क होतात त्या आपल्या शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून लिहिते आहे. पत्राला तुम्हाला मध्येच थांबवता येणार नाही.

आणि हे पत्र उघड लिहिते आहे, त्याचंही कारण आहे. जपानला इंग्रजी शिकवायला जायचं म्हटलं की आपल्याकडे लोक आधी जपानी येतं का विचारतात, मग तिथल्या थंडीबद्दल, मग जेवणाबद्दल. माझं घोडं अडलं ते यातल्या कशावरच नाही. ते अडलं माझ्या पहिली ते चौथीच्या दाखल्यावर. ते कोणी आणि कसं सोडवलं, हे माझ्यामागून जाणाऱ्या मुलामुलींना कळायला हवं.

सरकारी शाळांत शिकवायला येणाऱ्या परदेशी माणसाला जपानमध्ये 'क्योइकु' नावाचा निवासाचा दर्जा मिळतो. परदेशी भाषा शिकवायची असेल, तर त्या भाषेच्या माध्यमातून किमान 12 वर्षांचं शिक्षण झालेलं असावं लागतं. खाजगी भाषावर्गांत शिकवणाऱ्यांचा दर्जा वेगळा, त्यांचे नियम वेगळे. पण मला शाळेतच जायचं होतं. अमेरिका, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियातून येणाऱ्याला हा नियम जाणवतही नसेल. आपल्याला मात्र त्यातलं प्रत्येक वर्ष कागदावर दाखवावं लागतं.

माझा हिशोब तुम्हीच तुमच्या ओसरीवर बसून मांडलात. पाचवी ते दहावी आपल्या शाळेत, ती 6 वर्षं. अकरावी-बारावीची 2. बी. ए.ची 3. एकूण 11. एक वर्ष कमी! पहिली ते चौथी मी ज्या इंग्रजी प्राथमिक शाळेत शिकले ती बंद पडून बरीच वर्षं झाली, तिच्या जागेवर आता मंगल कार्यालय उभं आहे. माझ्याकडे त्या शाळेची खूण म्हणून दोन प्रगतिपुस्तकं आणि स्नेहसंमेलनातला एक फोटो, बस्स. तुमच्याकडे येण्याआधी मी एका कार्यालयात चौकशी करून आले होते. बंद शाळेचं काही मिळत नसतं, असं सांगून त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली होती. बाबा तर म्हणायला लागले होते की पुण्यातले क्लासेस काय वाईट आहेत, तिथेच शिकव.

तुम्ही मात्र सगळं ऐकून घेतलंत आणि एकच प्रश्न विचारलात, "पाचवीत आपल्याकडे आलीस तेव्हा जुन्या शाळेचा दाखला दिला होतास ना?" मला कसं आठवणार! पण तुम्हाला खात्री होती, कारण दाखल्याशिवाय तुम्ही कोणाला पाचवीत घेतलंच नसतं. तो आला असेल तर त्या वर्षीच्या प्रवेशाच्या गठ्ठ्यात असणार, आणि गठ्ठा कुठे असणार हे निवृत्त होऊन इतकी वर्षं झाल्यावरही तुम्हाला पाठ होतं. मुख्याध्यापक बाईंची परवानगी घेऊन तुम्ही स्वतः त्या जुन्या खोलीत बसलात. लाल कापडात बांधलेले गठ्ठे, प्रत्येकावर तुमच्याच अक्षरातली चिठ्ठी. दाखला निघाला. त्यावर जुन्या शाळेचा जनरल रजिस्टर क्रमांक होता.

इथे माझ्यासारखीने आनंदाने तो दाखला उचलून कंपनीला पाठवला असता. तुम्ही थांबवलंत. शाळा सोडल्याच्या त्या दाखल्यावर माध्यमाचा उल्लेखच नव्हता, आणि तिकडच्या माणसाला शाळेच्या नावावरून माध्यम ओळखता येणार नाही, असं तुम्ही म्हणालात. शाळा बंद झाली तरी तिचं दप्तर कोणाच्या तरी ताब्यात दिलेलं असतं. ते तालुक्यातल्याच दुसऱ्या एका शाळेकडे होतं. तुम्ही एस. टी.ने तिथे गेलात, रजिस्टर क्रमांक सांगितलात, माझ्या नोंदीचा उतारा मागितलात. त्यासोबत त्या शाळेच्या शासकीय मान्यतेच्या आदेशाची प्रतही मागितलीत, ज्यावर 'माध्यम : इंग्रजी' असं छापलेलं आहे. हे मला जन्मात सुचलं नसतं. मी ज्यांना ज्यांना विचारलं होतं, त्यांच्यापैकीही कोणाला सुचलं नव्हतं.

मग नावाचा घोळ. पासपोर्टवर बाबांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग एक आणि प्राथमिकच्या दाखल्यावर दुसरं. आपल्या दाखल्यांवर आडनाव आधी, कुठे आईचं नाव वेगळ्या रकान्यात, कुठे नाहीच. जपानमध्ये सगळी कागदपत्रं पासपोर्टवरच्या नावाने चालतात. इंग्रजी माध्यमातून शिकल्याच्या प्रमाणपत्राच्या मसुद्यात तुम्ही एक वाक्य घालायला लावलंत, की दोन्ही नोंदी एकाच विद्यार्थिनीच्या आहेत, आणि पुढे पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं. प्रवेशाचा आणि शाळा सोडल्याचा महिना-वर्षही घालायला लावलंत. कंपनीच्या बाईंनी नंतर कळवलं की तपासणाऱ्याला नेमकी हीच माहिती लागते आणि बऱ्याच उमेदवारांच्या प्रमाणपत्रांत तीच नसते. लेटरहेड, जावक क्रमांक, सही, गोल शिक्का, आणि दोन मूळ प्रती. दुसरी प्रत कशाला, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही नुसते माझ्याकडे बघितलंत. ती दुसरी प्रत आता माझ्या फाईलमध्ये आहे आणि माझ्यासोबत हँडबॅगेतून येणार आहे.

काका, हे सगळं तुम्ही एका अशा मुलीसाठी केलंत, जिची तुमच्याशी ओळख म्हणजे शाळेत असताना फीची पावती आणि बोनाफाईड घ्यायला खिडकीशी उभं राहणं, एवढीच. मी तुमच्या नात्यातली नाही, गल्लीतली नाही. एस. टी.चं भाडंसुद्धा तुम्ही घेतलं नाहीत.

पण तुम्ही मला आणखी एक गोष्ट दिलीत, आणि खरं सांगायचं तर मला ती प्रमाणपत्रापेक्षा जास्त पुरणार आहे.

मी तिथे मुख्य शिक्षिका नसणार, हे तुम्हाला सांगताना मला जरा अवघड वाटत होतं. तिकडे आमच्या पदाला ए. एल. टी. म्हणतात, म्हणजे सहायक भाषा शिक्षक. जपान सरकारने 1987 मध्ये जेट नावाची योजना सुरू करून जगभरातली तरुण मुलं शाळांमध्ये आणायला सुरुवात केली. आता माझ्यासारखे पुष्कळजण कंपन्यांमार्फतही जातात. वर्ग जपानी शिक्षकाचा असतो, जबाबदारी त्याची, गुण तो देणार. आपण सोबत उभं राहायचं, उच्चार करून दाखवायचे, मुलांना बोलतं करायचं. एकाच शाळेत राहायचं असंही नाही, आठवड्यात वेगवेगळ्या शाळांत जावं लागतं. घरी आत्याने विचारलं होतं, "एवढं शिकून हाताखाली काम करायचं?"

तुम्ही आयुष्यभर शिक्षकेतर कर्मचारी होतात. शाळेच्या फोटोत मागच्या रांगेत. तुम्ही आत्यासारखं काही म्हणाला नाहीत. तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत आणि मला शिकवायलाच सुरुवात केलीत. "ज्याचा वर्ग आहे त्याला विचारल्याशिवाय त्याचा फळा पुसायचा नाही. मुलांसमोर शिक्षकाची चूक काढायची नाही, तास संपल्यावर, तेही एकट्याला गाठून, आणि त्याने विचारलं तर. पहिल्या दिवशी शिपायाचं नाव विचारायचं, दुसऱ्या दिवसापासून नावाने हाक मारायची. ऑफिसात कागद द्यायला गेलीस तर कागद देऊन लगेच फिरायचं नाही, बरोबर आहे का विचारायचं." मी घरी येऊन सगळं वहीत उतरवून काढलं.

पुण्यात जपानी शिकवणाऱ्या माझ्या सेन्सेईंना मी ती वही दाखवली. त्यांनी विचारलं, हे जपानी शाळेतल्या कोणी सांगितलं का? मी म्हटलं, नाही, कराडजवळच्या एका शाळेच्या निवृत्त हेडक्लार्कनी. सेन्सेई स्वतः जपानमध्ये राहून आलेल्या आहेत. त्यांनी सांगितलं की प्राथमिक शाळेतले बरेच वर्गशिक्षक सगळे विषय एकटे शिकवतात आणि इंग्रजीच्या तासाला धास्तावलेले असतात. पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय 2020 पासून झाला, वर्षाला 70 तास. तिसरी-चौथीला 35 तास, तिथे गाणी, खेळ, बोलणं. अनेक शिक्षकांनी स्वतः इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण कधी घेतलेलं नव्हतं. अशा माणसाच्या वर्गात शेजारी उभं राहून त्याचा उच्चार सुधारला, तर पुढच्या तासाला तो तोंड उघडणार नाही, आणि त्याला पाहून मुलंही उघडणार नाहीत. तुम्ही सांगितलेलं वाक्य तेव्हा मला पुरतं कळलं.

तिथेही शाळेत लिपिक असतात, त्यांना जिमुइन म्हणतात. मी ज्या शाळांत जाईन तिथे आधी त्यांची ओळख करून घेईन.

माझी मोठी धास्ती वेगळीच होती, तीही तुम्ही ओळखलीत. आमच्या घरात इंग्रजी कोणी बोलत नाही. मी ते पाठ करून, अडखळून, वर्गात हसू होऊन शिकले. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांच्या रांगेत मी कुठे बसणार, असं वाटायचं. तुम्ही आतून वर्तमानपत्राचं कात्रण आणलंत, योगेंद्र पुराणिकांचं. आपल्या महाराष्ट्रातला माणूस, 2019 मध्ये तोक्योच्या एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आला आणि पुढे इबाराकी प्रांतात एका सरकारी शाळेचा मुख्याध्यापक झाला. परकी भाषा शिकूनच तिथे पोचला की नाही, असं तुम्ही विचारलंत. आणि मग म्हणालात की ज्याला पोहायला शिकल्याचं आठवतंय, त्यानेच लहान मुलाला पाण्यात उतरवावं. मी त्या दिवसापासून माझे पहिले धडे त्याच अंगाने तयार करते आहे. मला इंग्रजीत पहिलं वाक्य बोलायला काय अडत होतं, ते आठवून.

आता थोडी खबर. माझं गाव त्सुयामा ठरलं आहे, ओकायामा प्रांताच्या उत्तरेला, डोंगरात. पुण्याच्या सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान तुम्ही पाहिलं असेल. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेलं आहे, त्या ओकायामाचाच हा प्रांत. मी कान्साई विमानतळावर उतरेन. तिथेच निवासी कार्ड हातात मिळतं, मग घर लागल्यापासून 14 दिवसांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा. शाळेत आत जाताना बाहेरचे बूट काढून आतले घालायचे, जेवण मुलं वाढतात आणि वर्गही मुलंच झाडतात. हे वाचून तुम्हाला बरं वाटेल.

काकूंना सांगा, मसाला नक्की नेणार. पण त्यांनी धुऊन पुसून ठेवलेला ताजा कढीपत्ता नेता येणार नाही. तिकडे ताजा पाला न्यायला रोगमुक्त असल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, नाहीतर विमानतळावरच काढून घेतात. खोकल्याचं औषधही बघून न्यावं लागतं. कोडीनचं प्रमाण 1 टक्क्यापेक्षा जास्त असलेलं तिथे चालत नाही, आणि रोजची गोळी असेल तर एक महिन्यापुरतीच बिनापरवाना नेता येते. मी माझी सगळी औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट लावून ठेवली आहेत, दोन प्रतींत.

एक काम तुम्हाला न विचारता केलं आहे, रागावू नका. तुम्ही दुरुस्त केलेला तो मसुदा, नावं काढून, मी स्वच्छ टाईप केला. सोबत एका पानावर मराठीत लिहिलं की कोणत्या वर्षाचा पुरावा कुठून मिळतो, बंद शाळेचं दप्तर कसं शोधायचं आणि मान्यतेच्या आदेशाची प्रत का घ्यायची. मुख्याध्यापक बाईंनी ते ऑफिसच्या फाईलला लावून घेतलं. आपल्या शाळेतलं कोणी जपानला किंवा आणखी कुठे शिकवायला निघालं, तर त्याला ते तिथे मिळेल. फाईलवर बाईंनी तुमचं नाव घातलं आहे. मी सांगायच्या आधीच घातलं होतं.

निघायच्या आधी एकदा घरी येऊन पाया पडून जाईन. तेव्हा तरी पाच मिनिटं बसा, उठून आत जाऊ नका.

तुमची,
आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी