सोलरचं लोन मागितलं तर ट्रॅक्टर घ्या म्हणतात

मा. संपादक,

कालच्या अंकातली रिझर्व्ह बँकेच्या हवामान धोरणाची बातमी वाचली, रात्रभर डोक्यातून गेली नाही म्हणून आज लिहायलोय. २०२१ ला आपली रिझर्व्ह बँक जगातल्या केंद्रीय बँकांच्या हवामानाच्या गटात गेली, २०२३ ला हरित ठेवींचे, म्हणजे पर्यावरणाच्या कामाला लावायच्या ठेवींचे, नियम आले, फेब्रुवारी २०२४ ला बँकांनी आपापली हवामानाची जोखीम, म्हणजे दुष्काळ-पुरासारख्यानं पैसा बुडायची भीती किती ते, जाहीर करावी असा मसुदा आला. चांगलंय, माझा विरोध नाही. पण मुंबईतलं हे सगळं आमच्या तालुक्याच्या शाखेत कुणाला माहीत आहे का?

मागच्या उन्हाळ्यात घरावर तीन किलोवॅटचं सोलर बसवायचं ठरवलं. केंद्राची ७८ हजार सबसिडी, वरच्या पैशाला लोन. चार चकरा मारल्या. एकदा नमुना आठ, एकदा जुनी लाइट बिलं, मग दोन जामीनदार, नुसत्या झेरॉक्सच एकतीस झाल्या. चौथ्या वेळेस गेलो तर लाइट गेलेली, खिडकीखाली डिझेलचं जनरेटर धडधडत होतं, धूर सरळ आत, आणि त्या धुरात बसून साहेब मला म्हणले, सोलरचं आम्हाला टार्गेट नाही, ट्रॅक्टर घ्या, आठ दिवसात करून देतो. अहो माझं रान पावणेदोन एकर, मी ट्रॅक्टर घेऊन काय करू? अर्जाची पोच मागितली तर तशी पद्धत नाही म्हणले.

घरच्या सोलरला माणशी १० लाखापर्यंतचं कर्ज प्राधान्य क्षेत्रात, म्हणजे बँकांना ठराविक वाटा द्यावाच लागतो त्या कर्जात, धरायचं आणि अशा अर्जाची पोच द्यायची, हे दोन्ही नियम रिझर्व्ह बँकेचेच आहेत. बँकेचा कार्बन, म्हणजे तिच्यामुळं होणारा धूर, तिच्या ऑफिसातल्या दिव्यापंख्यात थोडाच असतो, तो ती कशाला कर्ज देते त्यात असतो. माझं सोलर अडवून ट्रॅक्टर गळ्यात मारला तर ते डिझेल कुणाच्या हिशोबात धरणार?

आणि एक भीती आहे. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, २०२५ च्या सप्टेंबरात पुरानं आमच्याकडची माती खरवडून नेली. उद्या जोखीम मोजायला बसले की पहिली लाल रेघ मराठवाड्यावरच पडणार आणि पीककर्जाला पण नाही म्हणणार. ज्यांनी धूर केला नाही त्यांचंच कर्ज बंद करू नका एवढंच मागणं आहे. आणि कुठल्या शाखेनं सोलरचे किती अर्ज घेतले, किती मंजूर केले, ते शाखेच्या दारावर लावायला लावा.

त्याच शाखेत दहाची नाणी पण घेत नाहीत. चालतात म्हणून रिझर्व्ह बँकेनं कितीदा सांगितलं, तरी माझ्या बायकोची साडेचारशे रुपयांची नाणी काउंटरवरून परत दिली. तुमचा बातमीदार एकदा तिथं पाठवा.

– एक वाचक, जि. परभणी