इंटर्नशिप मेमध्ये, पेपर जूनमध्ये

महोदय,

केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला, म्हणजे अणूंच्या पातळीवरचे नियम वापरणाऱ्या संगणक-सेन्सरांच्या संशोधन योजनेला, मंजुरी दिली. तरतूद ६,००३ कोटींची. मिशनच्या चार केंद्रांपैकी क्वांटम सेन्सिंगचे (अतिसूक्ष्म मोजमापाचे) केंद्र आयआयटी मुंबईत आहे, पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत क्वांटम तंत्रज्ञानाचे आय-हब हे केंद्र आहे, आणि टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेच्या कुलाब्यातल्या प्रयोगशाळेने डीआरडीओ व टीसीएसच्या साथीने सहा क्यूबिटचा (क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकातले माहितीचे एकक) प्रोसेसर २०२४ मध्ये चालवून दाखवला. म्हणजे हे काम आमच्या मुलांपासून एका रात्रीच्या गाडीवर आहे. माझी तक्रार अंतराची नाही, तारखांची आहे.

मी खानदेशातल्या एका कॉलेजात एमएस्सीला इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. आमच्या एका विद्यार्थिनीची एका नामवंत संस्थेत उन्हाळी इंटर्नशिपसाठी निवड झाली. वर्गात पहिली वगैरे नव्हे. पण लॅबमधला दोन वर्षे बंद पडलेला ऑसिलोस्कोप (विजेचे सिग्नल पडद्यावर दाखवणारे यंत्र) उघडून त्यातला फुगलेला कपॅसिटर बदलला तो तिनेच. इंटर्नशिप मेच्या मध्यापासून आठ आठवडे. आमच्या विद्यापीठाचे पेपर मेअखेर सुरू होणार होते, त्यातला एक पुढे ढकलून जूनमध्ये गेला. ‘पेपर संपल्यावर आले तर चालेल का?’ अशी मेल तिने केली. उत्तर दोन ओळींचे: तारखा बदलता येणार नाहीत. तिने पेपर दिले. दुसरे काय करणार?

अशा प्रयोगशाळेत नेमके काय काम असते, हेही सांगायला हवे. सुपरकंडक्टिंग क्यूबिट, म्हणजे विनाविरोध वीज वाहू देणाऱ्या धातूचा क्यूबिट, खास फ्रिजमध्ये निरपेक्ष शून्याच्या (शक्य तितक्या किमान तापमानाच्या) जेमतेम दहा-वीस मिलिकेल्विन, म्हणजे अंशाच्या शंभराव्या भागाएवढा, वर ठेवावा लागतो. त्या फ्रिजमध्ये वरपासून खालपर्यंत कोॲक्सियल तारा, सिग्नल कमी करणारे ॲटेन्युएटर, वाढवणारे ॲम्प्लिफायर. बाहेर मायक्रोवेव्ह पल्स देणारी यंत्रे, हवे तसे जुळवता येणाऱ्या चिपचे एफपीजीए बोर्ड, व्हॅक्यूम पंप. कुठे गळती आहे ते शोधण्यात दिवस जातात. इथे समीकरणे सोडवणारा लागतो तसा नीट सोल्डरिंग करणाराही लागतो, आणि तो जिल्ह्याच्या कॉलेजात सापडतो. जाहिरातीत मात्र आधी सीजीपीए विचारतात आणि मग ओळखीच्या प्राध्यापकाचे शिफारसपत्र. आमच्या मुलांना ओळखीचा प्राध्यापक म्हणजे मीच, आणि मला तिथे कोण ओळखतो!

पैशाचेही तेच. जेआरएफला, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीच्या संशोधक विद्यार्थ्याला, जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच्या आधीची पायरी, म्हणजे इंटर्नशिप, अनेक ठिकाणी बिनपगारी असते आणि ‘निवासाची सोय स्वतः करावी’ अशी ओळ खाली असतेच. दोन महिने पुण्यात खोली घेऊन राहणे कोणत्या घराला परवडते, हे अर्ज छाननाऱ्यांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

दोष एकट्या संस्थांचा नाही. आमच्या विद्यापीठाने परीक्षेच्या तारखा जानेवारीत जाहीर करून त्या पाळल्या, तरी निम्मा प्रश्न सुटेल. उरलेला निम्मा संस्थांनी सोडवावा: जूनच्या मध्यापासून दुसरी तुकडी घ्यावी, किंवा डिसेंबरात सहा आठवडे ठेवावेत, आणि वसतिगृहाच्या चार-दोन खोल्या बाहेरच्या मुलांसाठी राखाव्यात.

ती मुलगी आता पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. यंदा आणखी दोघांना अर्ज करायचा आहे. मुदत पुढच्या शुक्रवारी संपते. परीक्षेचे वेळापत्रक अजून लागलेले नाही, आणि ‘सर, फॉर्म भरू का?’ असे ते रोज विचारतात.

– एक प्राध्यापक, जळगाव